जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप

चिंचखोरीत रतनबाईच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. पाथर्डीहून येणारा जीपवाला तिला न बोलता पुढच्या सीटवर बसवतो, आणि भाडं घेताना मान खाली घालतो. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. पासष्टी उलटली, गुडघे गेले, पण जिभेची धार काही गेली नाही. खोटं बोलणारा माणूस समोर आला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते, मग तो सरपंच असो नाहीतर सख्खा भाऊ. लोक म्हणतात, म्हातारी कजाग आहे. असू द्या की. जिच्या नवऱ्याला गावानं आणि मंडळीनं, म्हणजे चर्चच्याच लोकांनी, मिळून चोर ठरवलं, तिनं काय गावभर साखर वाटत फिरायचं?

आणि गंमत बघा, अशा या बाईकडं चर्चमधलं सगळ्यांत नाजूक काम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून एका मेजावरचा ब्रेडचा तुकडा आणि रस सगळ्यांनी घ्यायचा. त्याची तयारी रतनबाईची. शनिवारी ती काळ्या मनुका भिजत घालते, उकळते, फडक्यातून पिळून रस काढते. पाथर्डीच्या बेकरीतून ब्रेड आणलेला असतो. त्याच्या कडा कापायच्या, आतल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. जेवढी माणसं प्रभूच्या मेजावर, तेवढेच तुकडे. कोण ऊसतोडीला गेलंय, कोण आजारी आहे, कुणाच्या सुनेचा बाप्तिस्मा व्हायचा आहे, सगळं तिला तोंडपाठ. सासूचं काम होतं, तिच्याकडं आलं. आजवर एक तुकडा उरला नाही की कमी पडला नाही.

फक्त स्वतःचा तुकडा ती कापत नाही. बायकांच्या बाजूला, दाराजवळ, शेवटच्या सतरंजीवर ती बसते. ताटली आली की तुकडा न घेता पुढं सरकवते. वीस वर्षं होत आली. कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून बसलेत.

तिचा नवरा भीमराज गावातल्या उत्तमरावांच्या दूध डेअरीवर राखणदार होता. एका सकाळी डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन आणि बॅटऱ्या गायब झाल्या. नेल्या होत्या उत्तमरावांच्याच पुतण्यानं, जुगारासाठी, हे नंतर हळूहळू दबक्या आवाजात बाहेर आलं. पण घरचं पोर कसं अडकवायचं? राखणदार होताच आयता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. साक्षीदार लागत होता, तोही मिळाला. सहादेव. भीमराजचा जोडीदार, एका सतरंजीवर बसून भजनं म्हणणारा, रतनबाईच्या हातच्या भाकरी खाल्लेला. त्यानं कोर्टात बायबलवर हात ठेवून सांगितलं, की मी भीमराजला पहाटे जीपमध्ये सामान भरताना डोळ्यांनी पाहिलं. भीमराजला सहा महिन्यांची कैद झाली. सहादेवला भीमराजची नोकरी झाली.

हे तरी रतनबाईनं गिळलं असतं. कोर्ट ते कोर्ट, तिथं काय कुणी आपलं बसलेलं असतं? पण पुढचं तिच्या घशाखाली आजतागायत उतरलं नाही. भीमराज सुटून आला आणि पहिल्याच प्रभुभोजनाला सदरा धुऊन, केस विंचरून जाऊन बसला. ताटली फिरत आली. त्यानं हात पुढं केला. आणि मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, काकासाहेब, ताटली फिरवण्याचं काम ज्यांच्याकडं, त्यांनी ती मागं ओढली.

"आधी पश्चात्ताप कर, भीमराज," ते म्हणाले. "सगळ्यांपुढं म्हण, चुकलो. मग मेजावर घेऊ."

"जे केलंच न्हाई त्याचा पश्चात्ताप कसा करू, काका?" भीमराजनं विचारलं.

काकासाहेबांनी ताटली पुढच्या माणसाकडं सरकवली. भीमराज दर महिन्याला येत राहिला, बसत राहिला, हात मात्र परत पुढं केला नाही. दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. शेवटच्या आठवड्यात तेव्हाचे पाळक, चर्चचे धर्मगुरू, घरी आले होते, तुकडा घेऊन. एकदा नुसतं 'चुकलो' म्हण, म्हणाले, मी तुला आत्ता देतो. भीमराजला बोलायचंही त्राण नव्हतं. तरी म्हणाला, "खोटं बोलून घेतला तर गिळंल कसा, साहेब?" पाळक तुकडा रुमालात बांधून परत घेऊन गेले.

लोकांना वाटलं, आता ही बाई चर्च सोडणार. छे. रतनबाई दुसऱ्याच शनिवारी मनुका निवडत बसली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "माझ्या मालकाला यांनी तुकडा दिला न्हाई. आता यांच्या सगळ्यांच्या तोंडात माझ्याच हातचा तुकडा जाईल. दर महिन्याला. खाऊ देत, आठवण ठेवून खाऊ देत." तेव्हापासून ती हे काम रागानं करते. ब्रेडच्या कडा अशा कापते की बघणाऱ्यानं आपली बोटं मागं घ्यावीत. आणि देवाशीही ती बोलत नाही. चर्चमध्ये सगळे डोळे मिटतात तेव्हा ती उघडे ठेवते. तू बघत होतास ना, मग बोलला का नाहीस, एवढंच तिचं त्याच्याशी भांडण. त्यानंही वीस वर्षांत उत्तर दिलेलं नाही.

आता या चैत्रात काय झालं, तर ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर सहादेव आला. डेअरीची नोकरी त्याला फार टिकली नव्हती. दारूपायी गेली, मग तो कोल्हापूरकडं गेला, टोळीचा मुकादम झाला, गावाला पारखा झाला. तिकडं कारखान्यावरच्या कुठल्याशा प्रार्थनासभेत म्हणे त्याचं मन पालटलं. दारू सुटली. चष्मा लागला, केस पांढरे झाले, हातात चामडी कव्हराचं बायबल आलं. आल्या-आल्याच पाळकसाहेबांनी त्याला रविवारी साक्ष द्यायला उभं केलं. पाळक रविराज तरुण आहेत, मनानं चांगले, गावात येऊन तीन वर्षं झालेली. त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं आणि सांगणार कोण?

साक्ष देणं म्हणजे मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्याला कसं फिरवलं ते सांगणं. सहादेवनं सांगितलं. दारू प्यायलो, पत्ते खेळलो, बायकोला मारलं, टोळीतल्या गड्यांना शिव्या दिल्या, देवाला विसरलो. सांगताना रडला. खरंच रडला, नाटक नव्हतं ते. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, गडी 'हालेलुया' म्हणायला लागले. "हरवलेला भाऊ सापडलाय," पाळकसाहेब म्हणाले. "येत्या प्रभुभोजनाला आपण सहादेवभाऊंना मेजावर घेऊ."

रतनबाई दाराजवळ बसून सगळं ऐकत होती. दारू आली, पत्ते आले, बायको आली. ती वाट बघत होती. आता येईल, आता येईल. तो बसला तरी ते आलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं मेल्यानं, आणि सगळी मंडळी ताक पिऊन खूश. उपासना संपल्यावर तिनं पाळकसाहेबांना पायरीवरच गाठलं.

"चांगली साक्ष दिली," ती म्हणाली. "याची साक्ष मी आधी पण ऐकलीय. कोर्टात. तवाबी लोकांना लई पटली हुती."

पाळकसाहेब गोंधळले. तिनं सगळं सांगितलं, चार वाक्यांत, लाकडं फोडावीत तसं. त्यांचा चेहरा उतरला. पण शिकलेला माणूस, शिकवलेलंच बोलणार. "मावशी, देवानं त्यांना माफ केलं असेल, तर आपण कोण अडवणारे?"

"देवानं माफ केलं ते देवाचं बघा," रतनबाई म्हणाली. "त्यानं कोर्टात देवाविरुद्ध सांगितलं न्हवतं. माझ्या मालकाविरुद्ध सांगितलं हुतं."

पाळकसाहेब सहादेवशी बोलले असणार, कारण गुरुवारी तो स्वतः तिच्या दारात आला. हातात कलिंगड. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"सलाम, वैनी."

"कलिंगड खाली ठेव, न्हाईतर माझ्या हातून डोक्यात बसंल."

त्यानं ठेवलं. सून निकिता पाण्याचा तांब्या घेऊन आली तर रतनबाईनं तिला डोळ्यांनीच आत पाठवलं. सहादेव उभाच राहिला.

"झालं गेलं माझ्याकडनं, वैनी. मी आता नवा माणूस हाय. प्रभूनं जुना मारून टाकला."

"असं? कुठं पुरलास? मला त्याच्याशी बोलायचंय."

तो हळूच म्हणाला, "देवापुढं मी सगळं कबूल केलंय. भीमराजचंबी. रातरात रडलोय. देवाला ठाऊक हाय."

"देवाला तवाबी ठाऊक हुतं, सहादेव. ठाऊक न्हवतं ते गावाला. गावाला सांग."

तेव्हा खरं कारण बाहेर आलं. त्याचा मुलगा उत्तमरावांच्या डेअरीवर दूध गोळा करायच्या टेम्पोवर आहे. गेल्या वर्षीच लग्न झालंय. बापानं तोंड उघडलं की उत्तमरावांच्या घराण्याचं नाव निघणार, आणि संध्याकाळच्या आत पोरगं घरी बसणार. "माझ्या पापाची शिक्षा पोराला कशाला?" असं त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला ते अगदी बरोबर वाटत होतं.

"माझी पोरं चोराची पोरं म्हणून शाळेत गेली," रतनबाई म्हणाली. "तवा तुला हा प्रश्न सुचला न्हाई. जा आता. कलिंगड घेऊन जा."

ती आत आली आणि भांडी आपटायला लागली. राग सहादेवचा होताच, पण त्याहून जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. केवढी सोय बघा. देवाकडं माफी मागायची, तो काही तोंडावर बोलत नाही. चार अश्रू गाळायचे, टाळ्या घ्यायच्या आणि मेजावर जाऊन बसायचं. आणि जो माणूस 'केलं नाही ते केलं म्हणणार नाही' म्हणाला, तो उपाशी गेला. खोट्याला ताट आणि खऱ्याला टाळं, हा कुठला न्याय? तिला वीस वर्षांत फक्त एक गोष्ट हवी होती. भीमराज चोर नव्हता, हे त्याच चर्चमध्ये, त्याच माणसांपुढं, खोटं बोललेल्या त्याच तोंडानं म्हणायला हवं होतं. ते तोंड आता गावात परत आलं होतं आणि तरीही मिटलेलं होतं.

शनिवारी ब्रेड कापायला बसली. निकिता ताटलीत तुकडे लावत होती. टोळ्या परतल्यामुळं माणसं जास्त होती, तरी रतनबाईचं बोट चुकत नव्हतं. शेवटी निकितानं विचारलं, "आत्या, सहादेवमामांचा धरला का?"

"न्हाई."

"पण पाळकसाहेबांनी तर…"

"पाळकसाहेबांनी त्यांच्या हातानं कापावा मग."

निकिता उरलेले तुकडे ताटलीत लावायला लागली. तिनंही या घरात सहा वर्षं काढली होती. कापलेल्या कडा रतनबाईनं कोंबड्यांसाठी फडक्यात बांधल्या आणि रविवारी सकाळी ताटलीबरोबर ते बोचकंही तसंच पिशवीत गेलं.

रविवारी चर्च भरलं होतं. या मंडळीची रीत अशी, की ताटली सगळ्यांत फिरते, प्रत्येकानं आपला तुकडा हातात धरून बसायचं, आणि पाळक बायबलमधलं वचन म्हणाले की सगळ्यांनी एकदम खायचं. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. बायकांची बाजू झाली. गड्यांच्या बाजूला काकासाहेब स्वतः ताटली घेऊन निघाले. आता ऐंशीचे झालेत, पण हे काम ते दुसऱ्याला देत नाहीत. सहादेव शेवटी बसला होता, पांढरा सदरा घालून, मान खाली. ताटली त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा ती रिकामी होती.

काकासाहेबांनी ताटलीत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, तुकडा कडेला कुठं चिकटलाय का म्हणून. सहादेवचा हात पुढं आला होता, तो तसाच राहिला. सगळ्यांच्या माना वळल्या. एवढ्या वर्षांत तुकडा कमी पडला नव्हता, त्यामुळं हे चुकून झालेलं नाही हे कळायला कुणाला वेळ लागला नाही.

रतनबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? आतून थंडगार बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. बस आता, बस तसाच हात पसरून. कळू दे कसं वाटतं ते.

पण तो हात काही खाली जाईना. म्हातारा, काळा, कोयत्यानं घट्टे पडलेला हात, रिकाम्या ताटलीवर तसाच. आणि काकासाहेब ताटली धरून उभे, खाली मान घालून. रतनबाईनं हे आधी पाहिलं होतं. याच खोलीत, याच म्हाताऱ्याच्या हातातली ताटली. तेव्हा त्या हाताच्या मालकासाठी तिचं काळीज फाटलं होतं आणि ताटली ओढणाऱ्याला ती जन्मभर पापी म्हणत आली होती. आज ताटली कुणी ओढली? काकासाहेबांनी नाही ओढली. तिनं स्वयंपाकघरात बसून, सुरीनं ओढली. भीमराजला जे केलं म्हणून ती या सगळ्यांवर थुंकत होती, नेमकं तेच तिनं केलं होतं, आणि वर तिला बरं वाटलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की ती गुडघ्यांचं दुखणं विसरून उठली.

"थांबा," ती म्हणाली. पाळकसाहेब वचन म्हणायला पुस्तक उघडत होते, ते थांबले.

"ह्याचा तुकडा मी कापला न्हाई. विसरून न्हाई, मुद्दाम. प्रभूचं मेज माझ्या बापाचं हाय असं समजून मी ठरवलं, कुणी खायचं आन कुणी न्हाई. काकांनी माझ्या मालकाला जे केलं तेच मी केलं. काका, तुमी पाप केलं. आज मीबी केलं. आन वीस वर्षं मी ह्या देवाच्या घरात सूड घ्यायला येते, भक्तीला न्हाई. मी चुकले." तिचा आवाज चढत गेला, कमी झाला नाही. माफी मागणारी माणसं असं ओरडत नाहीत, पण रतनबाईला दुसरी तऱ्हा येत नव्हती. "ही माझी साक्ष. सगळ्यांपुढं. एक गोष्ट न सोडता. आता तू उठ, सहादेव, आन तुझी दे."

प्रत्येकाच्या हातात आपला तुकडा, आणि कुणाला तो खाता येईना, टाकता येईना. सहादेवनं मागच्या दाराकडं पाहिलं. दाराशी त्याचा मुलगा उभा होता, डेअरीचा टी-शर्ट घालून, दुधाची फेरी करून तसाच आलेला. बापाचं मेजावर येणं बघायला आला होता पोरगा. सहादेव त्याच्याकडं बघतच उठला.

"भीमराजनं चोरी केली न्हवती," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागच्यांनी 'काय?' म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. "मी त्याला पाहिलं न्हवतं. त्या पहाटे मी घरी झोपलेलो हुतो. उत्तमराव नोकरी देतो म्हणाले, म्हणून मी बायबलवर हात ठेवून खोटं बोललो. चोरी त्यांच्या पुतण्यानं केली. भीमराज चोर न्हवता. मी त्याला खाल्लं." मग तो खाली बसला आणि या वेळी रडला नाही. दारातलं पोरगं वळलं आणि निघून गेलं. त्याच्या टेम्पोचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

काकासाहेबांनी ताटली मेजावर ठेवली आणि मेजाला धरूनच उभे राहिले. "त्यानं मला विचारलं हुतं," ते कुणालाच न उद्देशून म्हणाले. "मला उत्तर देता आलं न्हवतं." पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

आता रतनबाईला हवं होतं ते मिळालं होतं. त्याच चर्चमध्ये, त्याच तोंडानं. वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, डोळे भरतील, राग जाईल. राग जागचा हलला नाही. उलट तीन शब्दांत सांगता येत होतं ते सांगायला मेल्यानं वीस वर्षं लावली, म्हणून आणखी भडकला. माणूस गेला तो गेलाच. पण मेज मांडलेलं होतं, माणसं तुकडे धरून खोळंबली होती, आणि एक हात अजून रिकामा होता. तिच्या रागासाठी किती वेळ थांबायचं यांनी?

तिनं पिशवीतलं फडकं सोडलं. कोंबड्यांसाठी बांधलेल्या कडा होत्या, रात्रभरात वाळून कडक झालेल्या. त्यातली एक उचलली, काकासाहेबांच्या पुढून ताटली घेतली आणि कड तिच्यात ठेवून पाळकांपुढं धरली. पाळकसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्या कडेवर हात ठेवून हलक्या आवाजात प्रार्थना केली. रतनबाईनं तेव्हा डोळे मिटले. वीस वर्षांत पहिल्यांदा. काय बोलली तिचं तिला ठाऊक, पण ओठ हलत होते आणि कपाळावर आठ्या होत्या, म्हणजे भांडणच चाललं असणार. भांडण का होईना, बोलणं सुरू झालं.

मग गड्यांच्या बाजूला बायका कधी जात नाहीत, तिथं ती चालत गेली. कड दोन्ही हातांनी मोडली. अर्धी सहादेवच्या हातावर ठेवली.

"हा माझ्या मालकाचा तुकडा हाय," ती म्हणाली. "त्याला कुणी दिला न्हाई. तू खा. वाळलाय, नीट चाव."

अर्धी तिनं स्वतःच्या मुठीत धरली आणि तिथंच, गड्यांच्या सतरंजीवर, सहादेवच्या शेजारी बसली, कारण परत दारापर्यंत चालायचं बळ गुडघ्यांत उरलं नव्हतं. "म्हणा आता वचन," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "लोकं कवाची थांबलीत."

त्यांनी म्हटलं, आणि सगळ्यांनी एकदम खाल्लं.